चालू-बंदच्या एकुलत्या एका बटणाच्या जनकास

मुलुंड (पूर्व),
मुंबई ४०० ०८१

महोदय,



पत्र आपल्या नावानेच लिहायचं होतं, पण नाव कुठे मिळेना. बिनतारी रिमोट १९५५ मध्ये युजीन पॉली यांनी केला, हे मिळालं. पुढच्याच वर्षी रॉबर्ट अ‍ॅडलर यांचा वेगळ्या तऱ्हेचा रिमोट आला, हेही मिळालं. घरातल्या सगळ्या रिमोटांची कामं एकाच रिमोटकडे द्यावीत म्हणून अ‍ॅपलवाल्या स्टीव्ह वॉझनियॅक यांनी १९८७ साली 'कोअर' नावाचा रिमोट आणला, त्याचीही नोंद आहे. 'चालू हो' आणि 'बंद हो' हे दोन हुकूम एकाच बटणात कोंबून, त्याला तांबडा रंग देऊन, ते जगातल्या झाडून साऱ्या रिमोटांच्या माथ्यावर बसवणारे आपण मात्र निनावी राहिलात. याला विनय म्हणावं की सावधपणा, ते आपण जाणता. आमच्याकडे पत्ता नसल्यामुळे पत्र खुलं लिहावं लागतंय, एवढंच.

आमचं घर पुनर्विकास झालेल्या इमारतीत आहे. हॉल दहा बाय सोळा. त्यात सोफा, दिवाण, देव्हारा, सासूबाईंची आरामखुर्ची आणि नवऱ्याच्या हौसेपायी पाच स्पीकर अधिक एक वूफर. मागचे दोन स्पीकर प्रेक्षकाच्या पाठीमागे हवेत, असं होम थिएटरच्या पुस्तिकेत लिहिलंय. आमच्या प्रेक्षकाच्या पाठीमागे स्वयंपाकघराची भिंत आहे. त्यामुळे युद्धपटातलं हेलिकॉप्टर मागून येतं ते कुकरच्या शिट्टीला बरोबर घेऊनच. असो, ती तक्रार बिल्डरकडे करायची, आपल्याकडे नाही.

या थाटाला रिमोट किती, तर टीव्हीचा एक, सेट टॉप बॉक्सचा एक, अ‍ॅम्प्लिफायरचा एक, आणि डीव्हीडी प्लेअर भंगारात जाऊनही 'राहू दे, कधीतरी लागेल' म्हणून मागे राहिलेला त्याचा एक. मुंबईकराला ही सवय टप्प्याटप्प्याने लागली. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हाच्या टीव्हीला लाकडी शटर असायचं आणि खटक्याचा नॉब असायचा. खट्ट वाजलं की चालू, उलटं फिरवून खट्ट वाजलं की बंद. नॉबकडे बघूनच कळायचं. मग रंग आला, केबल आली, आणि ३१ ऑक्टोबर २०१२ ही अ‍ॅनालॉग केबलची मुंबईतली शेवटची तारीख ठरली. घरोघर सेट टॉप बॉक्स बसला. एका टीव्हीला दोन रिमोट, म्हणजे आपली तांबडी बटणंही दोन. आपला वंश या शहरात असा वाढला.

तर या सगळ्या गोतावळ्याला एकाच्या हाताखाली आणायचं ठरवून मी घाटकोपरला, मेट्रोच्या जिन्याच्या पायथ्याशी रिमोट, कव्हर आणि चार्जर मांडून बसलेल्या एका विक्रेत्याकडून युनिव्हर्सल रिमोट घेतला. ''मॅडम, लर्निंगवाला है. जो सिखाओगे, सीख जाएगा.'' त्याचं म्हणणं अगदी खरं निघालं. शिष्य खरंच हुशार होता. खोट गुरूंच्या विद्येत होती, आणि ती विद्या आपली.

ही शिकवणी आपण स्वतः कधी घेतली असेल असं वाटत नाही, म्हणून सांगते. दोन रिमोट फरशीवर डोक्याला डोकं लावून, मध्ये दोन बोटांचं अंतर ठेवून निजवायचे. नव्याचं 'सेट' बटण त्याचा दिवा ठाम लागेपर्यंत दाबून धरायचं. मग नव्यावरचं जे बटण शिकवायचं ते एकदा, आणि जुन्यावरचं त्याच कामाचं बटण एकदा. दिवा दोनदा लुकलुकला की धडा पाठ. डोक्यावरची ट्यूब चालू असेल तर तिचाही उजेड मध्ये लुडबुडतो आणि भलतंच काहीतरी पाठ होतं, म्हणून ट्यूब बंद करून मोबाइलच्या उजेडात बसायचं. जुन्या रिमोटच्या सेलात जीव आहे की नाही, हेही मोबाइलच सांगतो. रिमोटचं नाक कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं की डोळ्याला न दिसणारा किरण स्क्रीनवर जांभळट ठिपका होऊन लुकलुकतो. सोबतचा माहितीचा कागद भिंगाखाली धरला तरच वाचता येतो, आणि वाचला तरी कळत नाही, हे ओघाने आलंच.

व्हॉल्यूम शिकवला, चॅनेल शिकवले, म्यूट शिकवलं. शेवटी ओळीने हुकूम सोडणारं बटण तयार केलं: ते दाबलं की आधी टीव्हीचं पॉवर, मग बॉक्सचं, आणि शेवटी अ‍ॅम्प्लिफायरचं. सासूबाईंना ओळखता यावं म्हणून त्या बटणावर मी लाल टिकली चिकटवली. ''आई, आता फक्त टिकली दाबायची,'' असं सांगून मी पोळ्यांना लागले.

त्या दुपारी सासूबाईंनी बातम्या बघून टीव्ही त्याच्या अंगावरच्या बटणाने बंद केला होता. बॉक्स चालूच राहिला होता. सात वाजता मालिकेसाठी त्यांनी टिकली दाबली. टीव्ही चालू झाला. अ‍ॅम्प्लिफायर चालू झाला. आणि आधीच चालू असलेला बॉक्स आपल्या कृपेने इमानेइतबारे बंद झाला. पडद्यावर 'नो सिग्नल'चा चौकोन इकडून तिकडे तरंगायला लागला.

''अगं, केबल गेली वाटतं. त्या पोराला फोन लाव.''

''केबल नाही गेली, आई.''

''मग काय गेलं?''

या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर मला आपल्या साऱ्या तत्त्वज्ञानात शिरावं लागलं असतं, आणि तोवर मालिकेतलं लग्न लागून गेलं असतं. त्यांनी पुन्हा टिकली दाबली. टीव्ही बंद, अ‍ॅम्प्लिफायर बंद, बॉक्स चालू. पुन्हा दाबली. टीव्ही चालू, अ‍ॅम्प्लिफायर चालू, बॉक्स बंद. सासूबाईंचा चिकाटीवर विश्वास आहे, त्या दाबत राहिल्या. पण महोदय, आपण उभ्या केलेल्या या रचनेत चिकाटीला जागाच नाही. तिघांतला एक जण एकदा उलटा पडला की टिकली सम वेळा दाबा नाहीतर विषम वेळा, तो बाकीच्या दोघांच्या उलटाच राहतो. जन्मभर दाबलं तरी तिघं एकत्र येत नाहीत. हे मी शाळेच्या गणिताने सिद्ध करून देऊ शकते. सिद्ध करून मालिका दिसत नाही, हा भाग वेगळा.

बरं, उलटं पडायला दुपारच्या बातम्याच लागतात असंही नाही. टिकली दाबल्यावर तिन्ही हुकूम सुटायला काही सेकंद जातात आणि तेवढा वेळ रिमोट समोर रोखून धरावा लागतो. आमच्याकडे बटण दाबलं की रिमोट सोफ्यावर पालथा पडतो, कारण गॅसवर काहीतरी असतंच. पहिला हुकूम टीव्हीने ऐकला, उरलेले सोफ्याने. झाली फाटाफूट.

यावर आमच्या घरात निघालेला उपाय आपण डोळ्यांनी बघावा असा आहे. एका भाच्याच्या लग्नाची जाड पत्रिका टीव्हीच्या कपाटात कायमची ठेवलेली आहे. बॉक्स उलटा पडला की नवरा ती घेऊन बॉक्ससमोर उकिडवा बसतो आणि बॉक्सचा डोळा झाकतो, सासूबाई टिकली दाबतात, आणि बाकीचे दोघे बॉक्सच्या जोडीला येतात. पत्रिका लांबून धरून भागत नाही. एवढ्याशा हॉलमध्ये किरण भिंतीवरून, कपाटाच्या काचेवरून, कुठूनही उलटून डोळ्यात शिरतो, म्हणून ती अगदी चिकटवूनच धरावी लागते. पाहुणे आलेले असतील तर त्यांना आधी समजावून सांगावं लागतं, नाहीतर ते पत्रिका हातात घेऊन तारीख विचारतात.

दोष रिमोटचा नाही, हे मला मान्य आहे. मुलुंड स्टेशनवर ध्वनिक्षेपकातली बाई धीम्या लोकलची घोषणा करते, पण गाडी खरंच आली का हे तिला दिसत नाही. रिमोटचं तसंच. तो बोलतो, त्याला ऐकू येत नाही. स्वस्तातलं यंत्र, त्याला कान कुठून देणार? पण ज्याला ऐकू येत नाही त्याच्या तोंडी निदान नेमका हुकूम तरी द्यायचा. 'बंद हो' म्हटलं तर चालू असलेला बंद होईल आणि बंद असलेला बंदच राहील, कुणाचं काही बिघडणार नाही. आपण त्याच्या तोंडी काय दिलंत? 'जो असशील त्याच्या उलट हो.' समोरचा काय आहे हे ज्याला कधीच कळणार नाही, नेमक्या त्यालाच हा हुकूम! सगळ्या गोंधळाचं मूळ एवढंच आहे, आणि त्यासाठी मी आपल्याला मनापासून दाद देते. इतक्या लहान जागेत इतका मोठा घोळ बसवायला प्रतिभा लागते.

आपण म्हणाल, पूर्वापार तसंच चालत आलंय. पूर्वापारांना मी माफ केलंय. पॉली यांचा रिमोट म्हणजे एक बॅटरीच होती. तिचा झोत पडद्याच्या चार कोपऱ्यांतल्या चार डोळ्यांवर मारायचा, आणि खिडकीतून ऊन आत आलं की टीव्ही आपल्या मनाने वागायला लागायचा. अ‍ॅडलर यांच्या रिमोटात तर सेलही नव्हता. आत अ‍ॅल्युमिनियमच्या चार छोट्या दांड्या, बटण दाबलं की हातोडी एका दांडीवर आपटणार, माणसाला ऐकू न येणारा आवाज निघणार आणि तो टीव्ही ऐकणार. चार दांड्या म्हणजे चार हुकूम. चॅनेल पुढे, चॅनेल मागे, आवाज, आणि उरलेल्या एकीत चालू-बंद दोन्ही. पाचवी दांडी कुठून आणणार बिचारे?

आपल्याकडे दांड्यांची टंचाई आहे का? आज रिमोटच्या नाकातला दिवा सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा उघडमीट करतो. (ती उघडमीट ओळखणारा टीएसओपी१७३८ नावाचा तीन पायांचा सेन्सर लॅमिंग्टन रोडवर इंजिनीअरिंगची पोरं प्रोजेक्टसाठी घेत आली आहेत. त्याच्या नावातले शेवटचे ३८ ते हेच.) सोनीचा दिवा ४० हजारांवर चालतो, फिलिप्सचा ३६ हजारांवर, पण सगळीकडे पसरलेली एनईसीची पद्धतच बघा. आधी ९ मिलिसेकंदांचा सलग झोत, मग साडेचार मिलिसेकंद गप्प, आणि मग ३२ बिट. त्यातले हुकमासाठी ८. आठ बिटांत २५६ वेगवेगळे हुकूम बसतात. वर प्रत्येक हुकूम दोनदा पाठवायचा, एकदा सरळ आणि एकदा उलटा, का तर ऐकणाऱ्याची गफलत होऊ नये! आकडा अचूक पोचावा म्हणून केवढी ही खबरदारी, आणि पोचलेल्या आकड्याचा अर्थ काय, तर 'बघ बाबा, तुझं तूच ठरव.' रिमोटवर बटणं असतात फार तर पन्नास. म्हणजे दोनशेच्या वर आकडे रिकामे पडलेत. त्यातला एक 'बंद'ला दिला असता तर आपल्या खिशातून काय जात होतं?

आणि खरी चीड इथे येते. काही टीव्हींना आणि अ‍ॅम्प्लिफायरना स्वतंत्र 'चालू' आणि स्वतंत्र 'बंद' हे दोन हुकूम मुळात समजतात. होम थिएटर बसवणाऱ्या जाणत्या कारागिरांना ते आकडे ठाऊक असतात. फक्त खोक्यातून येणाऱ्या रिमोटवर त्यांची बटणं नसतात. म्हणजे यंत्राला अक्कल दिलीत, आणि ती गिऱ्हाइकापासून लपवून ठेवलीत.

जागा नव्हती, असं तर कृपा करून सांगू नका. आमच्या टीव्हीच्या रिमोटवर नेटफ्लिक्सचं बटण आहे, प्राइमचं आहे, आणि आमच्या घरात कुणी कधी उघडलं नाही अशा आणखी एका अ‍ॅपचंही आहे. असं कळतं की या बटणांच्या जागेसाठी त्या कंपन्या पैसे मोजतात. 'बंद'तर्फे आपल्याला कुणीतरी पैसे भरायला हवे होते, हे आम्हा ग्राहकांच्या ध्यानातच आलं नाही. किती ते कळवा, सोसायटीत वर्गणी काढू.

आपल्या एका बटणाने भलेभले थकवलेत. लॉजिटेकचा हार्मनी हा सगळ्या युनिव्हर्सल रिमोटांत हुशार म्हणून नावाजलेला. कोण चालू, कोण बंद याची तो आपल्या मनाशी नोंद ठेवायचा. नोंद चुकली की मदतीचं बटण दाबायचं, मग तो पडद्यावरून माणसालाच विचारायचा, टीव्ही चालू झाला का? हो की नाही? आता अ‍ॅम्प्लिफायर? एवढं महागडं यंत्र शेवटी काय करायचं, तर आपण जे सांगायचं टाळलंत ते घरमालकाकडून चौकशी करून मिळवायचं. २०२१ च्या एप्रिलमध्ये लॉजिटेकने हार्मनी बनवणं थांबवल्याचं जाहीर केलं. आपलं बटण अजून ठणठणीत आहे.

एचडीएमआयच्या केबलमधल्या १३ व्या पिनेवरून सीईसी नावाचा संवाद चालतो. त्यात 'जागा हो' वेगळं, 'झोप' वेगळं, आणि 'जागा आहेस का?' असं विचारायचीही सोय आहे. म्हणजे कुणालातरी हे सुचलं होतं! मग कंपन्यांनी त्याला आपापली बारशी घातली, सॅमसंगकडे अ‍ॅनीनेट प्लस, सोनीकडे ब्राव्हिया सिंक, एलजीकडे सिंपलिंक, आणि मेनूच्या अशा कोपऱ्यात ठेवलं की शोधणाऱ्याने शोधतच बसावं. आमच्यापुरता तो प्रश्न मिटलेलाच आहे. केबलवाल्या पोराने बॉक्स लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांनी जोडून दिलाय, आणि त्या पिनांतून कुणी कुणाची चौकशी करत नाही.

गेल्या मे महिन्यात गावाला निघताना, चपला घालून झालेल्या, रिक्षा खाली उभी, अशा घाईत नवऱ्याने दारातूनच टिकली दाबली, सगळं बंद करायला. टीव्ही बंद झाला, बॉक्स बंद झाला. अ‍ॅम्प्लिफायर आधीच बंद होता. आम्ही परत आलो तेव्हा त्याच्या पाठीवर हात ठेववत नव्हता. अंधेरी-बोरिवलीच्या बहुतेक घरांत विजेचं बिल अदानीचं येतं, आम्हा मुलुंडकरांकडे महावितरणचं. आपल्या बटणाने या दोघांत कधी भेदभाव केला नाही, हे नमूद करते.

अखेर तोडगा सांगितला तो भांडुपच्या एका मेकॅनिकने. ''पॉवरला हातच लावायचा नाही, ताई.'' आमचा बॉक्स बंद असेल तर कुठलाही चॅनेल नंबर दाबला की चालू होतो, चालू असेल तर नुसता त्या चॅनेलवर जातो. अ‍ॅम्प्लिफायर 'सोर्स' दाबल्यावर जागा होतो. टीव्हीला 'एव्ही' पुरतं. म्हणजे आपलं बटण साफ वगळून तिघांनाही नक्की चालू करता येतं. मी टिकली नव्याने शिकवली, नंबर सासूबाईंच्याच चॅनेलचा दिला, आणि सात वाजता घरात मालिका लागायला लागली.

बंद करताना मात्र आपल्याशिवाय इलाज नाही, कारण 'बंद'ला दुसरं बटणच नाही. त्यावरही मेकॅनिककडे उत्तर होतं. आधी सगळ्यांना नक्की चालू करून घ्यायचं, पुरेसं थांबायचं, आणि मग पॉवर सोडायचं. चालू आहे हे पक्कं माहीत असलेल्याला 'उलट हो' म्हटलं की तो बंदच होणार. त्यामुळे आता रात्री साडेअकराला, सगळं बंद करण्यासाठी, आमच्या घरात आधी सगळं चालू होतं. झोपलेला टीव्ही आपलं बोधचिन्ह आणि त्याची धून घेऊन उठतो, अ‍ॅम्प्लिफायर 'वेलकम' म्हणतो, वूफर एकदा धप्प करतो, बॉक्स बातम्या लावतो. नवरा रिमोट रोखून उभा. काही सेकंद मुंबईतल्या पाणीकपातीची चर्चा चालते, आणि मग एकामागून एक तिघं मिटतात. खालच्या मजल्यावरच्या काकांनी पहिल्या आठवड्यात वर येऊन विचारलं, ''रोज झोपताना तुम्ही नक्की काय लावता?'' त्यांना मी आपलं नाव सांगितलं असतं. पण मी वर म्हटलंच, ते मिळालं नाही.

मागणी फार नाही. दोन बटणं. एक चालूचं, एक बंदचं. जागा हवी असेल तर त्या तिसऱ्या अ‍ॅपची घ्या, आम्ही कुणाला सांगणार नाही.

कळावे,

आपली,
एक ग्राहक

ता. क. छापायला देण्याआधी पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. ३८ हजार आणि २५६ त्यांनी मान डोलवत ऐकून घेतले. मग म्हणाल्या, ''ते सगळं ठीक आहे गं. त्याला एवढंच विचार, तुझ्या घरी टीव्ही कोण लावतं?''